जुना ब्लेड पटर की नवा मॅलेट : खरी तुलना कशी करायची?

शाहूपुरी_३५
नमस्कार मंडळी. माझा जुना पटर (गोल्फमध्ये बॉल कपात घरंगळवायचा क्लब) ब्लेड, म्हणजे अरुंद हेडचा आहे : ३५ इंच, प्लंबर नेक (हेड आणि शाफ्ट जोडणारी बाकदार मान), बारीक पिस्तूल ग्रिप. नवा मॅलेट, म्हणजे मागे रुंद हेडचा आहे : ३४ इंच, फेस-बॅलन्स्ड (आडवा तोलला की फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, वर राहते), जाड ग्रिप. सहा फुटांवरून सरळ पट (पटरचे फटके) मारले, तर जुन्याने २० पैकी ११ गेले, नव्याने १४. लांबच्या पटांत मात्र नव्याने बॉल सारखा कपाच्या पुढे जातोय. दुकानदार पंधरा दिवसांत परत घेतो, पण फेसवर ओरखडा नको अशी अट आहे. एवढ्या दिवसांत दोन्ही पटर कसे तपासावेत? २० पट पुरेत का? आणि पावसामुळे ग्रीन (कपाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) ओली असेल तर घरी गच्चीवर केलेली टेस्ट धरायची का?

ओळंबा
भावा, आधी ते ११ आणि १४ पुसून टाक. सहा फुटांवरून ज्याचे दहातले सहा पट जातात, त्याने एकाच पटरने वीस-वीसच्या दोन फेऱ्या मारल्या, तरी साधारण दहातून चार वेळा त्या दोन फेऱ्यांत तीन किंवा जास्त पटांचा फरक पडतो. त्यामुळे तुझ्या आकड्यांवरून कुठला पटर सरस, हे ठरत नाही. शिवाय किती पट आत गेले हे मोजण्यात बरंच काही हरवतं. कडेला घासून पडलेला पटही एक आणि मधोमध पडलेलाही एकच.

पटर बदलला की सगळ्यात आधी नजर बदलते. ब्लेडची वरची कड एक सरळ रेघ दाखवते, मॅलेटचा मागचा भाग आणि त्यावरच्या रेषा वेगळंच काही सुचवतात. एकच माणूस एका पटरने कपाच्या मधोमध रोखतो आणि दुसऱ्याने नकळत डाव्या कडेवर. म्हणून पहिली टेस्ट स्ट्रोकची करू नकोस, नेम धरण्याची कर.

त्यासाठी सपाट आरशाचा ३ बाय ३ सेंटीमीटरचा तुकडा घे, कडा पॉलिश पेपरवर घासून बोथट कर आणि पातळ दुहेरी टेपने फेसच्या मध्यावर चिकटव. बॉलपासून दोन मीटरवर, फेसच्याच उंचीला लेसर पॉइंटर ठेव. त्याच्या लगेच मागे पुठ्ठा उभा कर आणि त्यावर लेसरच्या बरोबर वरून जाणारी उभी रेघ मार. रेघ ओळंब्याने तपास, डोळ्यांच्या अंदाजावर मारू नकोस. बॉल ठेवून लेसरच्या टोकावर नेम धर. मग सोबत्याने बॉल उचलायचा आणि लेसर लावायचा. आरशावरून उलटलेला ठिपका पुठ्ठ्यावर दिसेल. पटरला तीन अंश लॉफ्ट (फेसचा मागे कल) असेल तर तो ठिपका लेसरच्या वीसेक सेंटीमीटर वर उमटतो, त्यामुळे पुठ्ठा किमान ४० सेंटीमीटर उंच हवा. बरेच जण इथेच फसतात : ठिपका समोर दिसला नाही की टेस्ट चुकली असं समजतात.

आता ठिपका रेघेपासून किती डावी-उजवीकडे पडला ते मोज. परावर्तनात कोन दुप्पट होतो, म्हणून ७ सेंटीमीटर म्हणजे फेस एक अंश चुकीचा. प्रत्येक पटरने दहा वेळा नेम धर, पण दर वेळी मागे जाऊन पुन्हा उभा राहा. पाय तिथेच ठेवून दहा वेळा धरलेला नेम हा एकच नेम असतो. पुठ्ठ्यावर जुन्याचे ठिपके निळ्या पेनाने, नव्याचे लाल पेनाने. लेसर डोळ्यांच्या पातळीला येऊ देऊ नका, आणि पोरं आसपास असतील तर नकोच.

दुसरी टेस्ट दरवाजाची. बॉलच्या ५० सेंटीमीटर पुढे दोन टी (बॉल ठेवायच्या खुंट्या) रोव, आतल्या बाजूने मोजून ५० मिलिमीटर अंतर. बॉलचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असत नाही, तेव्हा दोन्हीकडे जेमतेम साडेतीन मिलिमीटर मोकळीक उरते. टीला न शिवता बॉल निघाला, तर सुरुवातीची दिशा ०.४ अंशाच्या आसपासच चुकली. कपाचा व्यास १०८ मिलिमीटर. दहा फुटांवर एक अंश चुकला की बॉल पाच सेंटीमीटरने सरकतो, म्हणजे थेट कडेवर. बॉल बहुतांश फेस जिकडे असेल तिकडेच निघतो, स्ट्रोकच्या वाटेचा हिस्सा त्यात थोडा. म्हणून इथे कप लागतच नाही. कप समोर ठेवलास तर मन तिकडेच जाईल.

क्रम पाळ : पाच जुन्याने, पाच नव्याने, पुन्हा पाच नव्याने, पाच जुन्याने. आधी सगळे जुन्याने आणि मग सगळे नव्याने मारलेस, तर नव्याला तापलेला हात आणि ओळखीचा झालेला उतार दोन्ही फुकट मिळतात. सगळे बॉल एकाच मॉडेलचे हवेत. कडक कव्हरचा आणि मऊ युरेथेनचा बॉल एकाच स्ट्रोकला वेगळा आवाज देतात, आणि आवाज बदलला की हात आपोआप जोर बदलतो.

उद्यमनगर_फाउंड्री
ओळंबा दादांचं बरोबर आहे, पण त्याआधी दोन्ही पटर मोजून घ्या. वजन, लांबी आणि लाय (शाफ्ट जमिनीशी करतो तो कोन) माहीत नसताना केलेल्या टेस्टला काय अर्थ?

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. पूर्ण पटर मोजा. हल्ली हेड ३४० ते ३७० ग्रॅमच्या आसपास असतात, जुनी ब्लेड त्याहून हलकी असायची. तुमचा नवा लांबच्या पटांत पुढे जातोय, त्याचं पहिलं कारण मला इथेच दिसतं. जड हेड, हात जुन्या हेडच्या सवयीचा. हा दोष चार-पाच दिवसांच्या सरावात निवळतो, तेव्हा पहिल्या दिवसाचे लांब पट हिशेबात धरू नका.

मग शाफ्ट एका बोटावर आडवा तोला. फेस आकाशाकडे राहिला तर फेस-बॅलन्स्ड. टो (हेडचं आपल्यापासून लांबचं टोक) खाली लोंबला तर तो किती लोंबतोय ते बघा. प्लंबर नेकचा टो सहसा ४५ अंशांच्या जवळपास लोंबतो. ज्याच्या स्ट्रोकमध्ये फेस उघडून मिटतो त्याला लोंबणारा टो सोयीचा पडतो असं म्हणतात. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. दरवाजाची टेस्ट जे सांगेल तेच खरं धरा. लोंबता टो सोडून फेस-बॅलन्स्डवर आलेल्याचे बॉल पहिल्या दिवशी बहुधा एकाच बाजूला जातात. तेवढ्यावरून नव्याला नापास करू नका.

लाय तपासायला फरशीवर नेहमीसारखे उभे राहा आणि कुणाला तरी टो आणि हील (हेडचं आपल्याकडचं टोक) यांच्याखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवायला सांगा. टोखाली दोन-तीन कार्डं सहज जात असतील तर पटर तुमच्यासाठी जास्त उभा आहे. पटरचा लॉफ्ट इतका कमी असतो की लाय थोडी चुकली तरी बॉलच्या दिशेवर फारसा परिणाम होत नाही, पण वर उचललेला टो नजरेला चकवतो. ३५ वरून ३४ वर आलात की थोडं जास्त वाकावं लागतं, डोळे बॉलच्या आणखी वर येतात. नेम धरून उभे राहा, दोन्ही डोळ्यांच्या मधून एक बॉल खाली सोडा, कुठे पडतो बघा. पटच्या रेघेवर किंवा दोन-तीन सेंटीमीटर आपल्या बाजूला पडला तर ठीक. रेघेच्या पलीकडे पडत असेल तर ३४ इंच तुम्हाला आखूड आहे, किंवा तुम्ही जास्त वाकताय.

आणि आपल्या कोल्हापुरात सगळं वाकवून, घासून मिळतं म्हणून कुणी पटर वर्कशॉपमध्ये व्हाइसला लावू नका! हेड कशाचं आहे यावर सगळं अवलंबून. ३०३ स्टेनलेस किंवा कार्बन स्टीलचं मिल्ड (अखंड धातूतून कापलेलं) हेड मऊ असतं, नेक योग्य मशीनवर दोनेक अंश वाकते. १७-४ स्टेनलेसचं कास्टिंग कडक, ते दमानं आणि नीट पकडूनच वाकवावं लागतं. अॅल्युमिनियम आणि झिंकच्या हेडची नेक वाकवायला गेलात तर चीर पडते. ज्या मॅलेटला नेकच नाही, दुहेरी बाक दिलेला शाफ्ट थेट हेडमध्ये जातो, तिथे लाय शाफ्टच्या बाकात असते, हेडला हात लावून काही होत नाही. अर्थात परत करायचा पटर असेल तर यातलं काहीच करू नका.

नेमधारी
गोल्फपेक्षा नेमबाजीच्या रेंजवर जास्त असतो, पण हा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे या नेमबाजांच्या कोल्हापूर जिल्ह्यात ग्रुप म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. एअर रायफलच्या पेलेटचा नवा लॉट आला की रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवतात, प्रत्येक लॉटचे पाच-दहा शॉट मारतात आणि भोकांचा घोळका किती लहान आहे ते बघतात. घोळका टार्गेटच्या मध्यावर आहे की बाजूला, हे त्या वेळी कुणी बघत नाही. बाजूला गेलेला लहान ग्रुप साइटचे क्लिक फिरवून मध्ये आणता येतो. पसरलेल्या ग्रुपवर क्लिकचा इलाज नसतो.

पुठ्ठ्यावरचे ठिपके असेच वाचा. नव्याचे दहाही ठिपके डावीकडे ६ सेंटीमीटरवर पण मुठीएवढ्या जागेत असतील, तर पटर चांगला आहे, उभं राहणं किंवा बॉलची जागा सुधारली की काम होईल. जुन्याचे ठिपके रेघेच्या दोन्हीकडे सारखे वाटलेले पण हातभर पसरलेले असतील, तर त्यांची सरासरी मध्यावर आली म्हणून फसू नका. लांबच्या पटांनाही हेच लावा : सगळे दोन फूट पुढे जाणं बरं, एक तीन फूट कमी आणि एक तीन फूट पुढे हे वाईट.

शाहूपुरी_३५
मोठी मदत झाली. मोजमाप केलं : जुना ५०८ ग्रॅम, नवा ५६१ ग्रॅम. नव्याचा टो आणि हील दोन्ही टेकतात. गच्चीचं आणि ओल्या ग्रीनचं राहिलं. आणि फेसला ओरखडा न पाडता बॉल कुठे लागतोय ते कसं बघायचं?

ओळंबा
५३ ग्रॅमचा फरक सगळा हेडचा समजू नकोस, जाड ग्रिप बारकीपेक्षा जड असू शकते. ग्रिपमधलं वजन हातात जातं, हेडमधलं जाणवतं, दोन्ही सारखे नाहीत.

गच्चीला पाणी जायला उतार दिलेला असतो, साधारण शंभराला एक. दोन मीटरच्या पटला दोन सेंटीमीटर उतार म्हणजे बॉल चांगलाच वळतो. फरशीचे सांधे वेगळेच. नेम धरायची टेस्ट गच्चीवर बिनधास्त कर, तिथे बॉल घरंगळतच नाही. दरवाजाची टेस्ट हॉलमध्ये पाणसळ लावून सपाट ठरवलेल्या पट्ट्यावर, गालिचा टाकून कर. अंतराची टेस्ट मात्र ग्रीनवरच, घरच्या कुठल्याही जमिनीवरून ती ठरत नाही.

ओल्या ग्रीनवर रोज वेग बदलतो. अॅल्युमिनियमचा चॅनेल घे, एक टोक ठरलेल्या उंचीच्या विटेवर ठेव आणि ठरलेल्या खुणेवरून तीन बॉल सोड. मग उलट दिशेनेही तीन सोड, कारण उतार आणि गवताचा कल दोन्ही वेग फिरवतात. सहांची सरासरी वहीत लिही. हे खऱ्या स्टिम्पमीटरचं (ग्रीनचा वेग मोजायच्या साधनाचं) माप होणार नाही, पण आजची ग्रीन कालच्यापेक्षा संथ होती का, एवढं कळतं. आज जुना आणि उद्या नवा असं कधीच करू नकोस, दोन्ही त्याच तासात. २५ आणि ४० फुटांवर जमिनीत एक टी रोव, त्या अंतरावर प्रत्येक पटरने दहा बॉल, आणि टीपासून किती कमी, किती पुढे ते टेपने मोज. पावलांनी मोजू नकोस.

सकाळी ग्रीनवर पाणी साचलेलं नसेल, नुसतं दव असेल, तर ती वेळ सोडू नकोस. दवात बॉलची रेघ उमटते. पटरपासून निघाल्या निघाल्या रेघ तुटलेली दिसली तर बॉल उडाला. एकतर लॉफ्ट जास्त आहे, किंवा हात मागे राहून तू तो वाढवतोयस. हात फार पुढे गेले तर लॉफ्ट शून्याखाली जातो, बॉल जमिनीत दाबला जाऊन उसळतो. तिथेही रेघ तुटते, म्हणून बाजूने मोबाइलवर स्लो मोशन घे आणि शाफ्टचा कल बघ.

फेससाठी टाल्कम पावडर. बोटाने अगदी पातळ थर दे, दर दोन पटांनंतर मऊ कापडाने पूस. मार्कर नको : काही इन्सर्टवर (फेसमध्ये बसवलेल्या तुकड्यावर) डाग राहतो आणि दुकानदाराशी वाद होतो. पावडरीत गोल ठसा उमटतो. दहा ठशांत हीलकडे किती, टोकडे किती ते लिही. मग दोन्ही पटरने मुद्दाम दीड सेंटीमीटर टोकडून पाच पट मार. मॅलेटने असा मारलेला बॉल सहसा अंतरात कमी मागे पडतो. तुझे ठसे मुळातच एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडत असतील, तर मॅलेटच्या या गुणाचा तुला फारसा फायदा नाही.

राजारामपुरी_गोल्फ
एक गोष्ट राहिली. जुन्याची ग्रिप गुळगुळीत, नव्याची कोरी आणि जाड. मग टेस्ट हेडची होतेय की ग्रिपची? जुन्यावरही तशीच जाड ग्रिप चढवून बघा.

उद्यमनगर_फाउंड्री
मी आधी तसं सांगणार नाही. हातात रोज येणारा जुना जसा आहे तसाच राहू दे, पहिली फेरी त्याच्याशीच. नवा सरस निघाला, तर मग जुन्यावर तशी ग्रिप चढवून दुसरी फेरी करा. तीत फरक मिटला तर ग्रिपच्या खर्चात काम झालं. स्पर्धेत दोन्ही पटर बॅगेत ठेवले तरी १४ क्लबची मर्यादा आहे, त्यामुळे एक वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) बाहेर जाईल.

ग्रिप चढवताना पटरच्या ग्रिपची पुढची सपाट बाजू फेसशी तंतोतंत काटकोनात हवी. दुहेरी टेप एक थर, त्यावर आणि ग्रिपच्या आत सॉल्व्हंट (पेट्रोल वापरणार असाल तर मोकळ्या हवेत, आसपास विस्तव नको), एका दमात सरकवायची. पटकन उभे राहा, पटर नेमाला धरा, दोन्ही अंगठे सपाट बाजूवर ठेवा आणि डोळे मिटून उघडा. फेस फिरलेला दिसला तर सॉल्व्हंट ओला आहे तोवर ग्रिप वळवा. वाळल्यावर दोन अंश तिरकी राहिली, तर आरशाच्या टेस्टमध्ये सगळे ठिपके सरकलेले येतील आणि दोष हेडच्या माथी जाईल. रात्रभर भिंतीला उभा ठेवा, दुसऱ्या दिवशी मारा.