भूकंपात गेलेलं वाटणीपत्र, हातात फक्त झेरॉक्स

औशाकडचा शेतकरी
रामराम. आमचं गाव किल्लारीजवळ. १९८६ च्या पाडव्याला आबा आणि दोन्ही चुलत्यांनी जमिनीच्या वाटण्या केल्या. दोन महिन्यांनी स्टॅम्पवर वाटणीपत्र लिहिलं, रजिस्ट्री केली नाही. कागद आईच्या पत्र्याच्या पेटीत असायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माळवद बसलं. धाकटी बहीण गेली. पेटी चार दिवसांनी निघाली, आतल्या कागदांचा पावसानं लगदा झालेला. तो आईनं स्वतः हातात धरला होता.

आता चुलतभाऊ म्हणतो, वाटणी झालीच नाही. दावा २०२१ चा. आमच्याकडे १९९१ ला विहिरीच्या कर्जासाठी सोसायटीत दिलेली झेरॉक्स आहे. समोरचे वकील म्हणतात, ती पुराव्यात घेताच येत नाही. खरंच येत नाही का? माझी सरतपास, म्हणजे आमच्याच बाजूनं होणारी जबानी, पुढच्या तारखेला आहे.

लातूरचा दिवाणी वकील
झेरॉक्स पुराव्यात येते. पण कोर्टानं कागदाला नुसता निशाणी क्रमांक दिला म्हणजे मजकूर सिद्ध झाला असं नाही. दावा १ जुलै २०२४ च्या आधीपासून चालू असल्यानं जुना १८७२ चा पुरावा कायदाच लागेल, कलम ६३ आणि ६५(सी). मूळ कागद नष्ट झाला, हे आधी साक्षीनं दाखवावं लागतं: होता कुठे, शेवटचा कुणी पाहिला, गेला कसा. दुय्यम पुराव्यासाठी, म्हणजे मूळ कागदाऐवजी नक्कल दाखवण्यासाठी, वेगळा अर्ज लागतोच असं नाही, धनपत विरुद्ध शिओराम या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ते सांगितलंय. पण शपथपत्रात हा पाया हवाच. झेरॉक्स मूळ कागदावरूनच काढली, हे सांगणारा माणूसही हवा.

मला खरी काळजी दुसरीच आहे. कागदात ‘आज वाटणी करीत आहोत’ असं आहे, की ‘पूर्वी झाली, त्याची याद’ असं? पहिलं असेल तर रजिस्ट्री नसल्याचा आक्षेप येणार. आणि मूळ कागदावर मुद्रांक कमी असेल तर झेरॉक्सनं ती उणीव भरून निघत नाही, झेरॉक्सवर दंड भरूनही नाही. स्टॅम्प किती रुपयांचा होता ते आधी पाहा.

उमरग्याची लेक
दादा, वकिलांनी सांगितलं ते मनावर घ्या. आमच्या खटल्यात भाऊ उलटतपासात म्हणाला, ‘भूकंपात गेला असेल.’ त्या ‘असेल’वर आमचा कागद बाजूला पडला. त्यानं पेटी पाहिलीच नव्हती, तो तेव्हा पुण्याला होता. पाहिलं होतं माझ्या मावशीनं, आणि तिला कुणी साक्षीला बोलावलंच नाही. तुमची आई आहे, तिलाच बोलू द्या.

औशाकडचा शेतकरी
ताई, वाचून गलबलून आलं. आई ८२ वर्षांची आहे, जिने चढवत नाहीत. कागदात ‘पाडव्यास वाटण्या झाल्या, त्याची याद राहावी म्हणून’ असंच आहे. स्टॅम्प २० रुपयांचा.

लातूरचा दिवाणी वकील
मजकूर तुमच्या बाजूचा आहे. पण मुद्रांकाचं तुमच्या वकिलांकडून आधी तपासून घ्या. आईंसाठी कोर्ट कमिशनर नेमून घरीच साक्ष घेण्याचा अर्ज द्या, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ खाली. सोसायटीच्या सचिवांना कर्जाच्या फाइलसकट साक्षीचं समन्स काढा. १९८६ नंतर वेगवेगळे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, झाले असतील तर त्यांच्या नकला तलाठ्याकडून आजच मागा.

औशाकडचा शेतकरी
फेरफार आहे, १९८८ चा, तिघांच्या सह्यांचा. उद्या सकाळी तलाठ्याच्या सज्जावर जातो. आईला आत्ता विचारलं. म्हणाली, ‘पेटीचं कुलूप अजून माझ्यापाशी आहे.’