मदत हवी आहे : पुण्यात मंडळी (चर्च) निवडताना बाप्तिस्म्याचा प्रश्न

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. माझा बाप्तिस्मा बालपणी झाला, दृढीकरण (मोठेपणी विश्वासाची जाहीर कबुली) झालेलं, सभासदत्व सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). आता घराजवळ दोन पर्याय आहेत: सीएनआयची मराठी उपासना आणि एक पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणारी) मंडळी. पेंटेकॉस्टल मंडळीत वचनाचा (बायबलचा) अभ्यास जास्त खोल वाटतो, पण सभासद व्हायचं तर बुडवून बाप्तिस्मा घ्यावा लागेल. सीएनआय 1970 साली नागपुरात स्थापन झाली तेव्हापासून तिथे बालबाप्तिस्मा आणि विश्वासाने घेतलेला बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत, मात्र एकदा झालेला पुन्हा देत नाहीत. म्हणजे हा नुसता पत्ता बदलण्याचा मामला नाही.

गाणी, ओळखी, पार्किंग यांवरून ठरवायचं नाही. प्रेषितांची कृत्ये 17:11 मधल्या बिरुयाकरांसारखं (ऐकलेलं खरं आहे का हे रोज शास्त्रात पाहणाऱ्या बिरुया गावच्या लोकांसारखं) शास्त्र तपासायचं, आणि ते आपल्या मताविरुद्ध गेलं तर मत सोडायचं, एवढं पक्कं आहे. अडतंय ते पुढे: प्रेषितांची कृत्ये 16:33 मधलं घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतलेलं तुरुंगाधिकाऱ्याचं कुटुंब आणि रोमकरांस 6:3-4 मधलं बाप्तिस्म्यात ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, ही वचनं दोन्ही बाजू आपापल्या मतासाठी पुढे करतात. मग पाळकाचं ऐकणं कुठे संपतं आणि देवाचं कुठे सुरू होतं?

जाणकारांनी सांगावं: पाळकांना नेमकं काय विचारावं? सीएनआयकडून सभासदत्वाचं पत्र आधी मागावं की निर्णयानंतर? मंडळीच्या पैशांचा हिशेब सभासदांपुढे ठेवतात का, हे पहिल्याच भेटीत विचारलं तर चालतं का?