मदत हवी आहे: उड्डाणं थांबलेली विमान कंपनी पुन्हा उभी राहते का? दादाने थांबावं का?

नमस्कार मंडळी,

माझा थोरला भाऊ मुंबईत विमान देखभाल अभियंता आहे. त्याची कंपनी (नाव देत नाही) दिवाळखोरी प्रक्रियेत आहे, विमानं जमिनीवर आहेत आणि पगार थकलेत. ‘नवा गुंतवणूकदार येतोय, थोडी कळ काढा’ असं आतून सांगतात. इकडे आखातातल्या एका कंपनीने त्याला विचारलंय. पंधरा वर्षांची नोकरी सोडायला त्याचा जीव होत नाही.

मी वाचलं त्यावरून मला धास्ती वाटते. जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण 17 एप्रिल 2019 ला झालं. 2021 मध्ये पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली, मे 2022 मध्ये उड्डाण परवानाही परत मिळाला. तरी प्रवासी सेवा सुरू झालीच नाही, आणि 7 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची आणि कंपनी बंद करायची. लोकांनी साडेपाच वर्षं वाट पाहिली. गो फर्स्ट मे 2023 मध्ये बंद पडली, पुढच्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्या 54 विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितली. भाड्याची विमानं मालकांकडे गेल्यावर राहतं काय?

उलट जपान एअरलाइन्सने जानेवारी 2010 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि सप्टेंबर 2012 मध्ये ती पुन्हा शेअर बाजारात आली. अमेरिकन एअरलाइन्सही 2011 ते 2013 या प्रक्रियेतून बाहेर पडली. पण या दोन्ही कंपन्यांची विमानं त्या काळातही उडत होती, तिकिटांचा पैसा येत होता. मला हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो. प्रवासी सेवा पूर्ण थांबल्यावर सावरलेली कंपनी कुणाच्या पाहण्यात आहे का? असेल तर तिथे नेमकं काय जुळून आलं, ते सांगा.

दुसरी काळजी दादाच्या लायसन्सची. मागच्या 24 महिन्यांत 6 महिन्यांचा कामाचा अनुभव नसेल, तर त्याला विमान सेवेत सोडण्याची (देखभालीनंतर ते उड्डाणाला योग्य आहे अशी) सही करता येत नाही. म्हणजे नुसतं बसून राहणंही महागात पडणार.

पैशांचंही विचारायचं आहे. जेटच्या कर्मचाऱ्यांना पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी, हा अपील न्यायाधिकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये कायम ठेवला. पण ती रक्कम नव्या मालकाने द्यायची होती. मालक आलाच नाही तर? अवसायनात ‘कामगारां’ची 24 महिन्यांची थकबाकी सुरक्षित कर्जदारांच्या (तारण घेऊन कर्ज देणाऱ्यांच्या) बरोबरीने धरतात. इतर कर्मचाऱ्यांची फक्त 12 महिन्यांची, आणि तीही त्यांच्या नंतर. लायसन्सधारक अभियंता यातल्या कुठल्या गटात बसतो? आणि आत्ता राजीनामा दिला तर जुन्या थकबाकीचा दावा कमकुवत होतो का?

दावा दाखल केलेला आहे, पगाराच्या पावत्या आणि नेमणुकीचं पत्र हाताशी आहे. आखातातल्या कंपनीला महिनाअखेर उत्तर द्यायचंय. जेट किंवा गो फर्स्टमधले कुणी असाल, किंवा दिवाळखोरी कायद्याचं काम करणारे वकील असाल, तर कृपया लिहा. मुंबईत फी देऊन सल्ला घ्यायचीही तयारी आहे.