एनएमसी ८११ ची स्लरी पावसाळ्यात गोठते आहे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पीएचडीसाठी लिथियम-आयन बॅटरीचा जास्त निकेलचा कॅथोड (धन इलेक्ट्रोड) बनवते आहे: एनएमसी ८११, म्हणजे निकेल, मँगनीज, कोबाल्ट ८:१:१. लॅब कोकण किनाऱ्यावर आहे. मार्चमध्ये छान जमलेली कृती जुलैत बिघडली, आणि तीन आठवडे झाले तरी चूक सापडत नाहीये.

हायड्रॉक्साइड प्रिकर्सरमध्ये (या तीन धातूंच्या हायड्रॉक्साइडच्या कच्च्या पावडरमध्ये) लिथियम हायड्रॉक्साइड ५ टक्के जास्तीचं घालून खलात घोटते. मग ऑक्सिजनच्या प्रवाहात ४८० अंशांवर ५ तास, ७५० अंशांवर १२ तास. भट्टी पूर्ण थंड झाली की पावडर डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात. एक्सआरडी (स्फटिकरचना दाखवणारी क्ष-किरण चाचणी) बघून बरं वाटलं होतं: ००३ आणि १०४ पीकचं गुणोत्तर १.२ च्या वर आहे, म्हणजे लिथियमच्या जागी निकेल फारसं घुसलेलं नसावं.

अडचण पुढे येते. पावडर, कार्बन ब्लॅक आणि पीव्हीडीएफ (कण धरून ठेवणारा पॉलिमर) ९०:५:५, एनएमपी या द्रावकामध्ये; फॉइलवर लावायचं हे मिश्रण म्हणजे स्लरी. सुरुवातीला स्लरी मधासारखी ओघळते. अर्ध्या तासात दाटते, आणि मग बाटली उलटी केली तरी खाली येत नाही, खरवसासारखी थरथरते. फॉइलवर ब्लेड ओढलं की गाठी आणि ओरखडे. एनएमपी वाढवून पाहिलं, गुठळ्या जात नाहीत.

मार्चची थोडी पावडर व्हॅक्यूममध्ये सील करून ठेवली होती. त्याच एनएमपीत, त्याच पीव्हीडीएफने तिची स्लरी ठीक होते. दोन्ही पावडरी पाण्यात ढवळून पीएच घेतला: मार्च ११.४, जुलै १२.३.

पावडर पाण्याने धुवू का? धुताना आतलं लिथियमही निघून जाईल अशी भीती वाटते. प्रिकर्सर जेमतेम ४० ग्रॅम उरलाय आणि नवा करायचा म्हणजे पीएच राखत दोन रात्री जागायचं, म्हणून आधी विचारते आहे.

प्रतिसाद

ताई, पीएचनेच उत्तर दिलंय. दाण्यांवर लिथियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट उरलंय. हा अल्कली पीव्हीडीएफमधून हायड्रोजन फ्लोराइड ओढून काढतो, साखळ्यांत दुहेरी बंध तयार होतात, त्या एकमेकींत गुंततात आणि जेल होतं. ओलाव्याने हे आणखी वेगात घडतं.

धुण्याआधी लिथियम हायड्रॉक्साइडची बरणी तपासा. दमट हवेत उघडी राहिली तर त्यातलं बरंच कार्बोनेट होतं. हायड्रॉक्साइड ४६२ अंशांना वितळतं, कार्बोनेट ७२३ ला, त्यामुळे तुमचा ४८० चा टप्पा वाया जातो. हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन करा, दर्शक आधी फिनॉल्फ्थॅलिन, मग मिथिल ऑरेंज. दोन्ही किती आहे ते वेगवेगळं कळेल.

नवी बरणी घ्या, जास्तीचं प्रमाण २–३ टक्क्यांवर आणा, आणि भट्टी २०० अंशांवर असतानाच पावडर काढून थेट ग्लोव्हबॉक्समध्ये (कोरड्या वायूने भरलेल्या बंद पेटीत) न्या. हाताला फार जपा. जुलैची पावडर धुवायचीच तर फक्त ५ ग्रॅम, बर्फाच्या पाण्यात, दोन-तीन मिनिटं. लगेच गाळून व्हॅक्यूममध्ये सुकवा आणि ऑक्सिजनमध्ये पुन्हा तापवा, नाहीतर पृष्ठभाग उघडा पडून कपॅसिटी घसरेल.

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. बरणी एप्रिलपासून उघडझाप होतेय आणि तळाशी खडे झालेत, हे आत्ताच पाहिलं. उद्या टायट्रेशन. ४० पैकी १० ग्रॅम प्रिकर्सर २ टक्क्यांवर लावते, दोन्ही आकडे इथेच टाकते.