मेघालयातल्या उभ्या गुहेसाठी रोप कसा लावायचा? ४० मीटरच्या पिचबद्दल (रोपवर उतरायच्या उभ्या टप्प्याबद्दल) सल्ला हवा

घाटवाटकर:
मंडळी, फेब्रुवारीत आम्ही पाच जण पुण्याहून मेघालयात, जयंतिया हिल्सला जातोय. तिथल्या एका उभ्या गुहेत उतरायचा बेत आहे. गावातल्या ओळखीच्या माणसाने सांगितलेली माहिती अशी : तोंड विहिरीसारखं, काठावर चिखलाचा उतार, साधारण १२ मीटरवर एक धक्का (लेज), त्याखाली सरळ हवेत लोंबकळत तळापर्यंत. एकूण खोली ४० मीटरच्या आसपास. बोल्ट आहेत की नाहीत ते माहीत नाही.

सह्याद्रीत रॅपलिंगचा सराव सगळ्यांना आहे, पण दोघांनी जुमारिंग (रोपवरून वर चढणं) फक्त एकेकदाच केलंय. सामान : ११ मिमी स्टॅटिक (कमी ताणणारा) रोप ६० मीटर (नवा, अजून वापरला नाही), फिगर ऑफ एट डिसेंडर (रोपवरून उतरायचं साधन) पाच, हँड जुमारच्या दोन जोड्या, स्क्रू कॅरॅबिनर वीसेक, टेप स्लिंग दहा. बेत असा : दोन झाडांना मेन अँकर, काठावर गोणपाट, आणि नवख्या दोघांसाठी वेगळा बिले रोप (वरून सांभाळायचा सुरक्षेचा रोप). यात काय चुकतंय, काय आणखी घ्यावं?

चुनखडी:
अँकरची झाडं ठीक. बाकी बेत मात्र धबधब्यावरच्या रॅपलिंगचा आहे, गुहेचा नाही. सांदणमध्ये रॅपल केलं की रोप सोडवून खालच्या अंगाने निघून जाता येतं. इथे तोच रोप परतीचा एकमेव रस्ता. त्यामुळे लावताना 'उतरायला सोपा आहे का' हे दुय्यम. पाचवा माणूस चिखलाने माखलेला, थकलेला वर येतोय तेव्हा रोप कुठे घासतोय, हे आधी बघायचं.

उतरताना रोप ताणलेला राहतो आणि काठावर फारसा हलत नाही. जुमारिंगमध्ये प्रत्येक झटक्याला तो ताणतो आणि परत आखडतो. काही सेंटिमीटरच, पण त्याच एका जागी, शेकडो वेळा. चुनखडीच्या धारेवर ही करवत झाली. गोणपाट पहिला माणूस काठ ओलांडतानाच सरकतं आणि नंतर कुणाच्या लक्षात येत नाही. जाड रोप आणि पॅड ही पद्धत अमेरिकेत चालते, नाही असं नाही. पण तिथेही पॅड स्वतंत्र दोरीने बांधलेला असतो आणि वर येणारा प्रत्येक जण तो पुन्हा जागेवर बसवतो. तुमच्या पिचमध्ये मध्ये धक्का आहे, म्हणजे घासायच्या जागा किमान दोन. तिथे रीबिले (रोप मध्येच पुन्हा अँकरला बांधायची जागा) हवा.

वरून खाली असा विचार करा :

झाड जिवंत हवं, मांडीएवढं जाड तरी, आणि दोर बुंध्याला जमिनीलगत. चुनखडीच्या काठावर माती वीतभरच असते, मुळं आडवी पसरलेली असतात, म्हणून अगदी काठावरचं झाड कितीही भक्कम दिसलं तरी एकट्यावर विसंबू नये. मागच्या दुसऱ्या झाडाचा बॅकअप, मध्ये ढिलाई न ठेवता.

तिथून पिचच्या तोंडापर्यंत रोप आडवा न्यायचा, ट्रॅव्हर्स लाइन म्हणून. चिखलाचा उतार सुरू व्हायच्या आधी माणूस काऊस्टेल (हार्नेसपासून अँकरला अडकवायची आखूड दोरी) अडकवू शकला पाहिजे. काठावर जाऊन मग अडकवणं म्हणजे उशीर झाला.

तोंडाशी दोन बोल्टचा वाय-हँग (Y च्या आकाराचा दोन फाट्यांचा अँकर). दोन बोल्टमध्ये २० सेंटिमीटर तरी अंतर, दगडाच्या कडेपासूनही तेवढंच. दोन फाट्यांमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवलात तर प्रत्येक बोल्टवर वजनाच्या ५८ टक्के भार येतो. ९० अंशांना ७१ टक्के. १२० अंशांना पूर्ण वजन प्रत्येकावर, म्हणजे दोन बोल्ट मारून भार वाटला गेलाच नाही. गाठ डबल फिगर ऑफ एट ऑन द बाइट, दोन कान वेगवेगळे लहानमोठे करता येतात.

वाय-हँगची उंची हा नेहमी चुकणारा भाग. तो पायाशी मारला तर उतरताना सोयीचा वाटतो, पण वर येताना क्रोल (छातीवरचा, रोप पकडणारा जुमार) गाठीला टेकतो तेव्हा माणूस अजून काठाखाली असतो आणि चिखलात हातांनी ओढत बाहेर यावं लागतं. काठावर उभं राहिल्यावर छातीच्या उंचीला किंवा वर भिंत मिळत असेल तर तिथेच मारा.

पहिला रीबिले काठाखाली जिथे रोप घासायला लागतो त्याच्या लगेच खाली, दुसरा धक्क्याच्या ओठाच्या खाली, असा की तिथून तळापर्यंत रोप मोकळा लोंबेल. वरून आलेल्या रोपचा लूप रीबिलेच्या कॅरॅबिनरखाली हातभर लोंबायला हवा. ताठ ठेवलात तर उतरणाऱ्याला डिसेंडर सोडवता येत नाही, तो तिथेच अडकतो. फार लांब ठेवलात तर खालचा बोल्ट निसटल्यावर माणूस तेवढा जास्त पडतो.

रानवारा७:
वरच्याशी सहमत. सामानाचं बोलतो.

रोपचं गणित आधी : झाडाचे वळसे आणि गाठ ३ मीटर, बॅकअप आणि ट्रॅव्हर्स ८, वाय-हँग अडीच, दोन रीबिले ५ (गाठ आणि लूप धरून प्रत्येकी अडीच), पिच ४०, तळाशी ३. झाले साडेएकसष्ट. त्यात कोरा स्टॅटिक रोप पहिल्यांदा भिजला की काही टक्के आटतो, तुमचा ६० चा ५७ भरला तरी नवल नाही. निघण्यापूर्वी तो रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, मग टेपने मोजा. ७५ मीटर घेऊन जा. रोप ईएन १८९१ (स्टॅटिक रोपचं युरोपीय मानक), टाइप ए असावा.

आणि ते '४० मीटरच्या आसपास' मला आवडलेलं नाही. दगड टाकून मोजलं असेल तर ३ सेकंदांना साधारण ४० मीटर, साडेतीन सेकंदांना ५५. अर्ध्या सेकंदाच्या चुकीत रोप १५ मीटर तोकडा पडतो. शिवाय दगड धक्क्यावर आपटला की आकडाच खोटा. काठावरून तळ दिसत असेल तर लेझर मीटर वापरा, बांधकामवाल्यांकडे असतो. दगड टाकू नका.

फिगर ऑफ एट घरी ठेवा. रोपला पीळ पाडतो, आपोआप थांबत नाही, आणि बहुतेकांच्या पद्धतीत रोप बदलताना तो हार्नेसवरून काढावा लागतो. रीबिलेवर चिखलाच्या हातून पडला की संपलं. पेट्झल स्टॉप किंवा तसाच बॉबिन प्रकारचा डिसेंडर, माणशी एक. शिवाय माणशी : चेस्ट क्रोल, एक हँड जुमार आणि फूटलूप, १० मिमीचा सेंटर मायलॉन (हार्नेस पुढून बंद करणारी स्क्रूची कडी), काऊस्टेल. तुमच्याकडे जुमारच्या दोन जोड्या आहेत, म्हणजे हँड जुमार चार झाले. एक आणखी लागेल आणि क्रोल पाच.

काऊस्टेल टेप स्लिंगचं करू नका. नायलॉन असो वा डायनीमा, स्लिंग ताणत नाही. अँकरच्या वर चढून पाय सटकला तर मीटरभराच्या पडण्यातही झटका भयंकर बसतो आणि गाठ मारलेली डायनीमा स्लिंग तुटू शकते. डायनॅमिक (ताणून झटका सोसणाऱ्या) रोपचा तीन मीटरचा तुकडा घ्या, ९ ते १० मिमी. आखूड फाटा कोपरापर्यंत, लांब फाटा एवढाच की जुमार अडकवून लोंबकळल्यावर हात पोचेल. टोकांना बॅरल नॉट.

जुना टूथब्रश खिशात ठेवा. मेघालयातला लाल चिखल क्रोलच्या दातांत बसला की क्रोल रोपवर घसरतो, आणि तो घसरतो नेमका हवेत लोंबकळताना.

घाटवाटकर:
रोपचं गणित आम्ही ४० अधिक ५ असं केलं होतं. 😬 दोन शंका. बोल्ट मारायचेच झाले तर इथल्या बेसॉल्टसारखेच मारायचे का? आणि नवख्यांच्या बिले रोपचं काय? त्याच्याशिवाय त्यांना सोडायचा जीव होत नाही.

चुनखडी:
बोल्टचं. आधी गावात विचारा. गुहा गावाच्या असतात, सरपंचासारखा जो मुख्य असेल त्याची परवानगी आधी, बोल्टचा विषय त्याच बोलण्यात. शिलाँगची मेघालय अ‍ॅडव्हेंचरर्स असोसिएशन १९९० च्या दशकापासून परदेशी गुहावाल्यांबरोबर तिथे मोजणी करते आहे, त्यांना लिहिलंत तर त्या गुहेत बोल्ट आहेत का तेही कळू शकेल. नैसर्गिक जागा शोधा : चुनखडीत दगडाला आरपार भोकं असतात, त्यातून स्लिंग ओवली की उत्तम अँकर. पण लवणस्तंभांना कधीही दोर बांधू नका. बऱ्याचदा आतून चिखल आणि वर कॅल्साइटची साल असते.

मारायचेच झाले तर हातोडीने दगड वाजवून बघा. खणखणीत आवाज तर चांगला, भद्द आवाज आला की जागा सोडा. बेसॉल्टपेक्षा चुनखडी मऊ, म्हणून १० मिमीचा बोल्ट जरा लांब घ्या, स्टेनलेसच. भोक पाडून झाल्यावर फुंकणीने पीठ काढा, ब्रश फिरवा, पुन्हा फुंका. पीठ राहिलं तर एक्स्पान्शनची पकड बसत नाही आणि नट आवळताना बोल्ट नुसता फिरत राहतो. पाना आखूड वापरा, लांब पान्याने जोर लावून आवळणारे हौशी लोक मऊ दगडात बोल्ट स्वतःच सैल करतात.

आडवाट:
बिलेबद्दल माझं मत थोडं कडक आहे.

हवेत लोंबणाऱ्या पिचला दुसरा रोप सोडला की माणूस गरगर फिरतो आणि दोन्ही रोप एकमेकांना वेणी घालतात. मध्ये रीबिले असतील तर बिले रोप लूपमध्ये अडकतो आणि वरच्याला वाटतं माणूस थांबलाय. जी गोष्ट सुरक्षेसाठी सोडली तीच त्याला अडकवते. स्टॉपसारखा डिसेंडर असेल तर हाताची पकड सुटल्यावर तो थांबतो. तीच नवख्याची पहिली सोय. (घाबरलेला माणूस हँडल सोडत नाही, उलट गच्च दाबतो. हे इथे सरावात करवून घ्या.) तळाशी पोचलेला माणूस खालून रोप ओढून शेवटच्या टप्प्यात ब्रेक देऊ शकतो, पण फक्त दुसऱ्या रीबिलेच्या खालच्या भागात, आणि दगड पडायच्या रेषेच्या बाहेर उभं राहून.

बिले खरा लागतो तो गुहेच्या आतल्या तीन-चार मीटरच्या चढांवर, जिथे कुणी 'एवढ्याशाला कशाला' म्हणतं. वरून बिले द्यायचा तर अँकरवर एचएमएस (रुंद तोंडाचा) कॅरॅबिनर आणि इटालियन हिच (रोपला ब्रेक देणारी गाठ), रोपमध्ये ढिलाई शून्य. कमरेभोवती रोप घेऊन बसायचं नाही, चिखलात पाय धरत नाहीत. पहिला माणूस लीड करत (वरून रोप नसताना आधी चढत) असेल तर डायनॅमिक रोपच. स्टॅटिकवर लीड फॉल घेणं म्हणजे हाडं आणि बोल्ट दोन्हीची परीक्षा.

नवख्यांचं खरं उत्तर सराव. पुण्याच्या आसपास कुठल्याही १५ मीटरच्या कातळावर किंवा मोठ्या झाडावर दोन रीबिले बांधा. उतरताना रीबिले असा पार करायचा : रीबिलेच्या पातळीला आलं की आखूड काऊस्टेल रीबिलेच्या कॅरॅबिनरमध्ये, लांब काऊस्टेल गाठीच्या कानात. हळूहळू खाली होत वजन आखूड काऊस्टेलवर येऊ द्या. डिसेंडर वरच्या रोपवरून काढा, खालच्या रोपवर गाठीच्या जितक्या जवळ बसेल तितका बसवा, लॉक करा. लूपमध्ये पाय देऊन उभे राहा, वजन डिसेंडरवर घ्या, तो धरतोय हे बघा, आणि मगच काऊस्टेल काढा. डिसेंडर गाठीपासून लांब बसवला तर वजन काऊस्टेलवरून निघतच नाही. नवखे नव्वद टक्के इथेच अडतात.

रोपच्या मध्यावर डिसेंडरवरून जुमारवर येणं आणि परत उतरणं, हेही पाचही जणांना अंधारात, हेडलॅम्पवर जमलं पाहिजे. ज्याला जमत नाही तो काठावर थांबेल, त्यात अपमान काही नाही. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेला माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपू शकतो, आणि तिथे वरून कुणी बचाव पथक येईपर्यंत तेवढा वेळ नसतो. म्हणून पाचांपैकी दोघांना तरी लटकलेल्याला आपल्या डिसेंडरवर घेऊन खाली उतरवणं यायला हवं.

एका टप्प्यावर एकच माणूस. रीबिले पार केल्यावर 'रोप फ्री' ओरडायचं, वरच्याने ऐकल्याचं उत्तर द्यायचं. विवरात आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत, म्हणून शिट्टीच्या खुणा ठरवून ठेवा : एक म्हणजे थांब, दोन म्हणजे वर येतोय, तीन म्हणजे रोप मोकळा.

घाटवाटकर:
खूप आभार सगळ्यांचे. डिसेंडर आणि क्रोल जमवतो, जानेवारीभर रविवारी सराव. शेवटचं : पहिला जो उतरणार तो रोप खाली फेकून उतरेल की बरोबर नेईल?

रानवारा७:
फेकायचा नाही. धक्क्यावर गुंता होऊन पडतो आणि तो सोडवायला कुणाला तरी लोंबकळावं लागतं.

पिशवीत भरा. तळाच्या टोकापासून एक मीटरवर स्टॉपर नॉट आधी मारा, भरायच्या आधी, खाली गेल्यावर नाही. मग ते टोक पिशवीच्या तळाच्या पट्ट्याला बांधा आणि रोप मूठमूठ आत कोंबत जा, गुंडाळी करून ठेवू नका. पिशवी उतरणाऱ्याच्या हार्नेसला लोंबती, दोन हात लांबीच्या दोरीवर. रोप आपोआप निघत जातो. पाना आणि हातोडी प्रत्येकी दोरीने बांधलेले. पहिल्याच्या अंगावर क्रोल आणि जुमार चढवलेले हवेत, कारण रोप तोकडा निघाला तर गाठीशी थांबून त्याला तिथूनच वर यायचंय.