एसीच्या गॅसचे सिलिंडर पोटमाळ्यावर ठेवलेत, चालतं का?

लालबागची_वहिनी
नमस्कार मंडळी, जरा काळजीने विचारतेय. माझे धाकटे दीर एसी रिपेअरिंगची कामं घेतात, आयटीआय झालंय, आता सीझन म्हणून सकाळी सातला जातात ते रात्री अकराला येतात. दुकान नाही, त्यामुळे सगळं सामान घरातच. आमची खोली चाळीत शेवटच्या मजल्यावर, दहा बाय बारा, वर पत्रा, आणि पोटमाळ्यावर त्यांनी तीन सिलिंडर आडवे ठेवलेत, एकावर आर-२२ लिहिलंय, दोनांवर आर-३२. मी म्हटलं भावजी, खाली शेगडी, देवापुढे दिवा, सासूबाई जमिनीवर झोपतात, हे बरं नव्हे. तर म्हणतात, वहिनी हा एसीचा गॅस, स्वयंपाकाच्या गॅससारखा पेटत नाही, याला तर वासही नाही. काल दुपारी डबा काढायला माळ्यावर चढले तर सिलिंडरला हात लागला आणि चांगला चटका बसला. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मी उगाच घाबरतेय का?

पाना_पक्कड
ताई, उगाच नाही, आजच्या आज खाली उतरवा. २६ वर्षं हेच काम करतोय म्हणून सांगतो. पहिली गोष्ट, आर-२२ पेटत नाही हे खरं, पण आर-३२ पेटतो, पटकन नाही पेटत पण उघडी ज्योत मिळाली तर पेटतो, आणि आपल्या कितीतरी पोरांना अजून दोन्ही गॅस सारखेच वाटतात.

दुसरं म्हणजे प्रेशर. सिलिंडरमध्ये आत लिक्विड असतं, ते जेवढं तापेल तेवढं प्रेशर चढतं, भरलेला असो नाहीतर अर्धा. आर-३२ चं ३० डिग्रीला साधारण २६५ पीएसआय असतं, ५० डिग्रीला तेच ४४० च्या घरात जातं. गाडीच्या टायरमध्ये ३०-३५ असतं, त्यावरून अंदाज घ्या. सिलिंडर ५०-५२ डिग्रीच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि तुमचा तर पत्र्याखाली आहे. त्यात कोणी वजन न करता काठोकाठ भरून दिला असेल तर अजून वाईट, लिक्विड तापून फुगतं, त्याला फुगायला जागाच उरत नाही, म्हणून २० टक्के जागा रिकामी सोडतात. भावजींना विचारा, हे सिलिंडर कंपनीचे सीलबंद आहेत की कुठून परत भरून आणलेत? एकदाच वापरायचे पातळ पत्र्याचे सिलिंडर असतात, ते परत भरायचेच नसतात.

रसायनवाली
पाना_पक्कड दादांनी प्रेशरचं सांगितलंच, मी वासाचं बोलते कारण मला त्याचीच जास्त भीती वाटते. वहिनी, तुमच्या खोलीचा हिशोब करून बघितला. दहा बाय बारा आणि उंची नऊ फूट धरली तर आत साधारण ३० हजार लिटर हवा. आर-३२ चा १० किलोचा एक सिलिंडर पूर्ण सुटला तर ४,७०० लिटरच्या आसपास गॅस होतो, म्हणजे खोलीच्या १५ टक्के, आणि हा गॅस पेटायला हवेत साधारण १४ टक्के लागतो. हे झालं सगळीकडे सारखा मिसळला तर. पण तो मिसळत नाही लगेच, हवेपेक्षा जवळजवळ पावणेदोन पट जड आहे, आर-२२ तर तिप्पट जड. माळ्यावरून सुटलेला गॅस पाणी सांडावं तसा खाली उतरतो आणि जमिनीवर साठतो, जिथे तुमच्या सासूबाई झोपतात. तिथली हवा तो बाजूला ढकलतो, ऑक्सिजन कमी पडतो, आणि वास नसल्यामुळे झोपलेल्या माणसाला कळतच नाही.

दादर_पश्चिम
एवढं घाबरवू नका हो त्यांना, माझ्या मामाच्या घरात दहा वर्षं सिलिंडर होते, काही झालं नाही.

पाना_पक्कड
दादा, माझ्यासोबतही १९ वर्षं काही झालं नव्हतं. मग एकदा परळला एका ऑफिसात बंद पॅन्ट्रीत होतो, लाइनमध्ये आर-२२ शिल्लक होता आणि मी ब्रेझिंगला, म्हणजे पाइपचा सांधा तापवून जोडायला, टॉर्च लावला. ज्योत हिरवी झाली आणि घशात कोणी मिरचीची धुरी दिल्यासारखं झालं. पेटत नाही तो गॅस, पण आगीत सापडला की त्याचं ॲसिड बनतं, फॉस्जीन नावाचा विषारी गॅससुद्धा बनतो. दोन दिवस छातीत दुखत होतं. हॅंडग्लोव्हज न घालता नट सैल केला तेव्हा लिक्विड उडून बोटाची दोन टोकं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती, ते वेगळंच. तेव्हा चोळायचं नाही, गरम पाणीही नाही, कोमट पाण्यात धरून डॉक्टरकडे जायचं.

आणि ताई, भावजींना दोन गोष्टी नक्की सांगा. गॅस लवकर चढावा म्हणून सिलिंडर उकळत्या पाण्याच्या बादलीत ठेवायचा किंवा टॉर्चने तापवायचा नाही. आणि लीक टेस्ट फक्त नायट्रोजनने, रेग्युलेटर लावून, ऑक्सिजनने कधीच नाही, आत कॉम्प्रेसरचं तेल असतं, ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की स्फोट होतो.

लालबागची_वहिनी
भावजींना सगळं वाचून दाखवलं. आधी ते चिडले, मग १५ टक्क्यांचा हिशोब स्वतः कागदावर मांडून बघितला आणि गप्प झाले. रात्रीच तिन्ही खाली उतरवले. एक आर-३२ चा खरंच परत भरलेला निघाला. आता ठेवायचे कुठे? गॅलरीत चालतील का? आणि तो भरलेला गॅलरीत हळूहळू सोडून दिला तर?

पाना_पक्कड
गॅलरीत नको, जिन्याखाली तर अजिबात नको, तोच सगळ्यांचा बाहेर पडायचा रस्ता. तुमच्या भागातल्या दोन-तीन मेकॅनिकनी मिळून तळमजल्यावर हवेशीर, सावलीतला गाळा घ्यावा, सिलिंडर उभे, साखळीने बांधून, व्हॉल्व्हवर कॅप. नाहीतर डीलरकडेच ठेवायचे आणि दिवसाच्या कामापुरता एक घ्यायचा. हवेत सोडायचा नाही, शेजारी दिवाबत्ती, शेगड्या असतात, आणि तापमानवाढीला हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट हातभार लावतो. ज्याच्याकडे रिकव्हरी मशीन, म्हणजे गॅस बाहेर न सोडता काढून घेणारं मशीन आहे त्याच्याकडे नेऊन काढून घ्या. पण लोकलमधून नेऊ नका, टेम्पोत उभा बांधून न्या. उद्या सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत.