कानशिलावर चेंडू लागल्यानंतर ठोके देणारी गाठ

प्रश्न :
माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या कानशिलावर सुमारे महिन्याभरापूर्वी सीझन बॉल लागला. सीटी स्कॅनमध्ये हाड मोडलेले दिसले नाही आणि सूजही ओसरली. मात्र आता त्याच जागी बोराएवढी गाठ आली असून तिच्यावर बोट ठेवल्यास नाडीसारखे ठोके लागतात. एका डॉक्टरांनी साकळलेले रक्त सुईने काढण्याचे सुचवले आहे. तसे करावे का?

उत्तर (मुख व जबडा शल्यचिकित्सक) :
ठोके देणाऱ्या गाठीत निदानापूर्वी सुई घालू देऊ नका. कानापुढून वर जाणाऱ्या टेंपोरल धमनीची कपाळाकडील फांदी कानशिलापाशी हाडावरून जवळजवळ उघडीच जाते. तेथे चेंडू आणि हाड यांच्यात चेचली जाऊन तिची भिंत अर्धवट फाटते, बाहेर आलेल्या रक्ताभोवती तंतुमय आवरण तयार होते आणि आतली पोकळी धमनीशी जोडलेलीच राहते. हा स्यूडोअ‍ॅन्युरिझम (धमनीचा खोटा फुगा) क्वचित आढळतो. शिवाय तो बहुधा फटक्यानंतर काही आठवड्यांनी दिसू लागतो, त्यामुळे चरबीची गाठ किंवा गळू समजून चिरा देण्याचा धोका असतो. कानापुढे धमनी हलकेच दाबल्यावर ठोके मंदावले, तर संशय बळावतो.

उत्तर (रेडिओलॉजिस्ट) :
निदानासाठी बहुतेक वेळा कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) पुरते. पोकळीत रक्त भोवऱ्यासारखे फिरताना स्पष्ट दिसते. शस्त्रक्रियेत धमनीची दोन्ही टोके बांधून गाठ काढतात, कारण एकच टोक बांधल्यास डोक्याच्या त्वचेतील रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून उलट बाजूने रक्त येत राहते. भुवई उचलणारी नस (मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) तिथून जवळच जाते. तिच्याविषयी शल्यचिकित्सकांना आधीच विचारून ठेवा.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. त्याला रात्री त्या बाजूच्या कानात घूं घूं असा आवाजही येतो. तो याच गाठीमुळे असेल का?

उत्तर (मुख व जबडा शल्यचिकित्सक) :
असू शकेल, परंतु तसे गृहीत धरू नका. चेहऱ्याला किंवा डोक्याला मार लागल्यावर क्वचित डोळ्यामागच्या कॅव्हर्नस सायनसमध्ये (शिरांच्या पोकळीत) मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी फाटते आणि तिचे जोरदार रक्त थेट शिरांत घुसते. अशा वेळी नाडीच्या लयीत आवाज येतो, डोळा लाल होऊन पुढे येतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात आणि उपचार लांबल्यास दृष्टीही जाऊ शकते. आवाज नाडीच्या लयीत असेल, तर डोळा ठीक दिसत असला तरी केवळ डॉपलरवर न थांबता मेंदूच्या रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी करून घ्यावी. डोळ्याची लक्षणे असतील, तर आजच न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात जावे.